तिसऱ्या राखणदाराचं बकल

तिंकारा : ...आणि तिसरं म्हणजे, मावशी, या चिलखतात जीव आहे हो! नुसतं प्लास्टिक वाटतच नाही. टेबलावर ठेवलंत आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

स्लावका : तीन झाली.

तिंकारा : काय तीन?

स्लावका : कौतुकं. गुडघे सुबक, रंग अचूक, आणि आता हा काटा. तीन कौतुकं झाली की एक खोट काढायची, हाच ना तुमच्या संघाचा नियम? मग काढ. मी काय आज पहिल्यांदा ऐकत नाहीये.

तिंकारा : आपण त्याला खोट नाही म्हणत, मावशी. 'पुढची पायरी' म्हणतो.

स्लावका : लुद्विक दर गुरुवारी इथून घरी आला की दारातूनच सांगायचा, "आज एकवीस कौतुकं मिळाली गं!" मी मनात म्हणायचे, म्हणजे सात ठिकाणी मोडायचंय. त्याने बूट काढायच्या आत मी ओव्हन तापत ठेवायचे. चार वर्षं त्या ओव्हनमध्ये सणाचा पोतित्सा केक धड भाजला नाही मी. केकला प्लास्टिकचा वास यायचा.

राय्को : बाई, तो नियम कुणी नाउमेद होऊ नये म्हणून केलाय. आमच्या संघातून आजवर एकही माणूस रडत बाहेर पडलेला नाही.

स्लावका : घरी जाऊन रडत असतील बिचारे.

राय्को : तिंकारा, आपण क्रमाने घेऊ. माझ्याकडे अर्ज आहे. अर्जदार लुद्विक, आता हयात नाहीत. टीव्ही मालिका, 'आठवं वलय'. पात्र, तिसरा राखणदार. पहिली तपासणी, नामंजूर. दुसरी, नामंजूर. तिसरी, गेल्या सप्टेंबरात, नामंजूर. आजची चौथी.

स्लावका : नोव्हेंबरात तो गेला. तेव्हा खांद्याची डावी वाटी आणि दोन्ही पोटऱ्या पुन्हा व्हायच्या होत्या. त्या मी केल्या. चाळीस वर्षं बुटांच्या कारखान्यात वरचं कातडं ओढलंय मी साच्यावर. कातडं काय नि तुमचं तापवलेलं प्लास्टिक काय, घाई केली की दोन्ही फाटतात.

तिंकारा : मावशी, या पोटऱ्या तुम्ही केल्यात? तुम्ही? मी रोज लोकांचे दात बनवते, साचा म्हणजे काय ते मला कळतं. एक सुरकुती नाही हो यात!

स्लावका : हे एक कौतुक झालं. अजून दोन राहिली.

तिंकारा : नाही नाही, हे खरं होतं!

राय्को : काम उत्तम आहे, यात वाद नाही. पण मला आधी एक स्पष्ट करावं लागेल. तुमची विनंती नेमकी काय आहे?

स्लावका : क्रमांक. तुम्ही मंजूर केलं की वहीत नाव चढतं आणि क्रमांक मिळतो. तो लुद्विकला द्या. परवा शनिवारी कार्निव्हलच्या मिरवणुकीत तुम्ही सगळे चालणार. तिथं हे चिलखतही चालू दे. एवढंच. चार वर्षं त्याने याच्यासाठी काढलीत.

राय्को : इथेच अडचण आहे. क्रमांक चिलखताला नसतो, बाई. आतल्या माणसाला असतो. नियम दोन. रिकामं चिलखत म्हणजे नुसती वस्तू.

स्लावका : माहीत होतं मला. तू दिवसभर तपासणी केंद्रात गाड्यांचे दिवे नि ब्रेक बघतोस. रिकामी गाडी पास करतोस ना रे?

राय्को : गाडीची गोष्ट वेगळी. गाडी राखणदार नसते.

स्लावका : बरं. मग आत मी.

तिंकारा : तुम्ही?

स्लावका : का? बायका चालत नाहीत? का म्हाताऱ्या चालत नाहीत?

तिंकारा : असं कसं, मावशी! आपल्याकडे सगळ्यांना जागा आहे. वय, उंची, वजन, कशाचंच बंधन नाही. आपल्या पत्रकावर पहिलीच ओळ आहे ती.

राय्को : उंचीला बंधन नाही. फटीला आहे. नियम बारा. दोन पत्र्यांमधली फट दोन बोटांपेक्षा जास्त नको. नियम चौदा. पोटरीची कड गुडघ्याखाली दोन बोटं. लुद्विकची उंची एकशे त्र्याऐंशी. तुमची?

स्लावका : सकाळी एकशे सत्तावन्न असते. संध्याकाळी विचारू नकोस.

राय्को : म्हणजे पोटरीची कड तुमच्या मांडीवर येणार.

स्लावका : येते. घालून पाहिलंय मी. कंबरेचा पट्टा गुडघ्यावर आला होता. शेजारीण म्हणाली, बंबात पडल्यासारखी दिसतेस.

तिंकारा : आपण आतून फोम लावू या ना, राय्को? थोडी उंच टाच, आणि—

राय्को : फोमने उंची वाढत नाही, तिंकारा. हे सगळं कापावं लागेल. छाती, पाठ, मांड्या, पोटऱ्या. लुद्विकच्या मापाचं काहीच उरणार नाही.

स्लावका : म्हणूनच तर कातडं कापायची सुरी घेऊन आलेय. पिशवीत आहे. घरी तीन वेळा हातात घेतली नि तीन वेळा ठेवून दिली. म्हटलं, तुमच्यासमोर कापीन, म्हणजे लाजेकाजेने तरी हात चालेल.

तिंकारा : अरे देवा. मावशी, आधी एक क्रोफ खा. आज जाड गुरुवार आहे, कार्निव्हलचा तळणाचा दिवस, अग्निशामक मंडळाच्या बायकांनी सकाळपासून दोनशे क्रोफ तळलेत. घ्या, आत जर्दाळूचा जाम आहे.

राय्को : टेबलापासून लांब! पांढऱ्या पत्र्यावर जाम सांडला तर डाग निघत नाही.

स्लावका : बघ, याला मेलेल्या माणसाच्या बायकोपेक्षा डागाची काळजी.

राय्को : मला तुमची काळजी आहे, बाई. थंडीत तुमची लाकडं कोणी फोडली?

स्लावका : तुम्ही फोडलीत. खोटं कशाला बोलू. सहा जण आलात, दोन दिवसांत ढीग लावलात. एकेक ओंडका समान मापाचा. एकाने तर मोजायला पट्टी आणली होती.

तिंकारा : तो मत्याश. त्याला सवयच आहे.

स्लावका : आणि अंत्यविधीला अकरा जण चिलखत घालून आलात. फादर घाबरून दोन पावलं मागे सरकला. मला फार बरं वाटलं हो तेव्हा, खरं सांगते. पण खड्ड्याशी उभे राहून दोघं एकमेकांच्या खांद्याची फट मोजत होते, ते मी पाहिलं.

राय्को : फट सुटली होती.

स्लावका : असेल बाबा. मला एक सांग. ही मालिका चाळीस वर्षांपूर्वीची. अकरा भागांत बंद पडली. त्यात हा तुमचा तिसरा राखणदार एकूण दिसतो किती वेळ?

राय्को : एकोणीस सेकंद. सहावा भाग, चौदावं मिनिट.

स्लावका : आणि त्या एकोणीस सेकंदांवर तुमचं ते नियमांचं पुस्तक किती पानांचं?

राय्को : दोनशे बारा. परिशिष्टं सोडून.

स्लावका : बायबलात देवाने सहा दिवसांत जग केलं, ते दोन पानांत आटोपलंय.

राय्को : आणि म्हणूनच त्यावर आजही वाद चालू आहेत. आमच्यात वाद नाहीत. तो भिंतीवरचा फोटो बघा. पडद्यावर चित्र थांबवून काढलाय. जगभरातले अकराशे चाळीस लोक या एका चित्रावरून चिलखत बनवतात, ब्राझीलपासून जपानपर्यंत. पडद्यावर दिसलं ते खरं. आमची मतं, आमची हौस, काही चालत नाही.

तिंकारा : खरं तर ते किती सुंदर आहे, मावशी, नाही? कोणीतरी जपानमध्ये बसून आपल्याच गावच्या खाणीत चित्रित झालेल्या माणसाचं कोपर मोजतंय.

राय्को : ते बघा, डाव्या खांद्यावरचं बकल. उलटं आहे. पट्ट्याचं टोक छातीकडे यायला हवं, ते पाठीकडे गेलंय. नियम एकतीस. नव्या माणसांपैकी दहातले नऊ इथेच चुकतात, सरळ लावतात. एक सांगतो, लुद्विकने पहिल्याच दिवशी ते बरोबर लावलं होतं. मला आश्चर्य वाटलं होतं.

स्लावका : हो का? आणि ते उलटं का आहे, ते तुमच्या पुस्तकात लिहिलंय?

राय्को : हॅम्बर्गच्या ओट्टोने त्यावर चाळीस पानी निबंध लिहिलाय. झटापटीत समोरच्या शत्रूला पट्टा ओढून सोडवता येऊ नये, म्हणून राखणदारांत तशी पद्धत होती. पहिल्या आणि दुसऱ्या राखणदाराचं सरळ आहे, कारण ते आतल्या फाटकावर असतात. तिसरा बाहेरच्या.

तिंकारा : मावशी? का हसताय?

स्लावका : अगं, थांब... पाणी दे जरा. चाळीस पानं!

राय्को : यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

स्लावका : घाई होती रे, राय्को. नुसती घाई होती.

राय्को : कसली घाई?

स्लावका : परदेशी कंपनी आली होती शूटिंगला, वरच्या खाणीत. त्यांना पट्टे शिवायला माणसं हवी होती. आमच्या कारखान्याने चार मुली दिल्या. मी बावीस वर्षांची. पहाटे पाच वाजता बसने वर नेलं. अशी थंडी, की बोटं वळत नव्हती. तिथले सगळे राखणदार म्हणजे आपल्याच गावचे उंच बाप्ये. खाणीतले, सॉ मिलमधले. त्यातला एक उभाच राहीना धड. मी खांद्याला पट्टा लावायला गेले की मानेला गुदगुल्या होतात म्हणून खी खी करायचा. तिकडून तो दिग्दर्शक बोंबलतोय. मी म्हटलं, "हलू नकोस, घोड्या!" आणि खेचून एकदाचं बकल लावलं. लावलं ते उलटं. माझ्याही लक्षात आलं नाही, नि कुणाच्याच नाही.

तिंकारा : थांबा. हे... हा? फोटोतला?

स्लावका : संध्याकाळी सगळ्यांनी चिलखतं उतरवून ठेवली. याचं निघेना. उलट्या बकलाला स्वतःचा हात पोचतच नाही. तीन बस सुटायच्या होत्या. हा चिलखतातच एकेका बसमध्ये डोकावत हिंडला. आमच्या बसमध्ये चढला नि म्हणाला, "ज्या बाईने लावलं तिने सोडवावं, नाहीतर मी असाच झोपीन आणि आई घरात घेणार नाही."

तिंकारा : लुद्विककाका!

स्लावका : दुसऱ्या वर्षी लग्न केलं आम्ही.

राय्को : एक मिनिट. एक मिनिट, बाई. तुम्ही म्हणताय की तिसरा राखणदार म्हणजे लुद्विक?

स्लावका : मी म्हणायचं काय त्यात, होताच तो.

राय्को : क्षमा करा, पण असा दावा करणाऱ्या तुम्ही चौथ्या. सर्बियातला एक तर आपल्या आजोबांचं मृत्युपत्र घेऊन आला होता. कागद, करार, फोटो, काही आहे?

स्लावका : काही नाही. कंपनी सगळं घेऊन गेली. जाताना आम्हाला दोन दिवसांचे पैसे आणि एकेक घेवड्याचा डबा दिला, तो खाल्ला आम्ही. पण त्या तीन लाल टाक्यांबद्दल तुमचं पुस्तक काय म्हणतं, तेही सांग बरं.

राय्को : नियम तेहतीस. पट्ट्याच्या टोकाशी तीन लाल टाके, ही हवालदाराची खूण. ज्याच्या पट्ट्यावर तीन टाके मंजूर आहेत तो मिरवणुकीत पुढे चालतो.

तिंकारा : राय्कोच्या पट्ट्यावर आहेत. म्हणून तो पुढे असतो.

स्लावका : पांढरा दोरा संपला होता, रे बाबा. माझ्या कार्डिगनच्या बटणाचा लाल दोरा ओढला नि टाचून दिलं. आणि तीन नाहीत, चार आहेत. चौथा आत, घडीखाली घातला, नाहीतर कातडं उसवलं असतं. बुटाच्या जिभेला आम्ही तसाच घालायचो.

तिंकारा : राय्को? काय झालं? तू पांढरा पडलास.

राय्को : चौथा टाका फोटोत दिसत नाही.

तिंकारा : मग?

राय्को : खरा पट्टा जगात एकच उरलाय. ओट्टोच्या तिजोरीत आहे. त्याने घडी उलगडून पाहिली होती. चौथा टाका आहे. आम्ही तिघांनी पाहिलाय, बस. नकली पट्टे ओळखता यावेत म्हणून कुठेच लिहिला नाही. आईला नाही सांगितलं मी.

स्लावका : तुझ्या आईने विचारलं होतं का?

राय्को : बाई, तुम्हाला कळतंय का याचा अर्थ काय? अकराशे चाळीस लोक! त्यांतल्या ऐंशी जणांनी ते तीन टाके दंडावर गोंदवून घेतलेत. ओट्टोचा निबंध पोर्तुगीजमध्ये निघालाय. आणि मी... मी नऊ वर्षं पुढे चालतोय. कार्डिगनच्या दोऱ्यावर.

स्लावका : चांगला दोरा होता. इटलीतल्या ट्रिएस्टहून आणलेला.

तिंकारा : आणि आपण त्यांना तीनदा नापास केलं. राय्को, आपण लुद्विककाकांना लुद्विककाकांसारखे दिसत नाही म्हणून नापास केलं!

राय्को : दिसण्यावरून नाही. पहिल्यांदा कोपरं आठ मिलिमीटर जास्त होती. दुसऱ्यांदा पोटाची रेघ पडद्याशी जुळत नव्हती.

स्लावका : पोट चाळीस वर्षांत वाढलं, त्याला तो काय करणार? आणि तिसऱ्यांदा?

राय्को : ते राहू द्या.

स्लावका : सांग ना.

राय्को : चाल. चालीचा व्हिडिओ मागवतो आम्ही. तिसरा राखणदार डाव्या पायावर दबकत चालतो. पुस्तकात ते जुन्या जखमेचं लक्षण म्हणून दिलंय. मी लुद्विकला इथे, याच हॉलमध्ये, तासभर चालून दाखवलं होतं.

स्लावका : माहीत आहे. त्या दिवशी घरी येऊन तो इतका हसला, की मला वाटलं याला काही झालं. म्हणाला, "राय्को मला मी कसा चालतो ते शिकवत होता, आणि स्लावका, तो माझ्यापेक्षा छान चालतो गं!" अरे, त्याचा पाय पंचेचाळीस नंबरचा. कंपनीने त्रेचाळीसचे बूट दिले होते. चावत होते बूट. मग काय, हा दोन महिने त्रेचाळीसचे बूट घालून आमच्या बोळात येरझाऱ्या घालत होता, तुझ्यासारखं चालता यावं म्हणून. नखं काळी पडली.

राय्को : पण मग तो बोलला का नाही? एक शब्द. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी उभ्या उभ्या सही केली असती!

स्लावका : हेच त्याला नको होतं. म्हणायचा, सांगितलं तर लाजेने पास करतील, मग त्यात काय मजा. आणि दुसरं...

तिंकारा : काय, मावशी?

स्लावका : निवृत्त झाला तेव्हा दीड वर्ष तो घरात नुसता खिडकीशी बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. मला भीती वाटायची त्याची. मग कुठून तरी तुमचं पत्रक घेऊन आला. पहिल्या गुरुवारी परत आला तो प्लास्टिकचा पत्रा बगलेत घेऊन, शीळ घालत. एकदा मीच वैतागून म्हटलं, मी येते नि सांगते त्यांना, तू कोण आहेस ते. तर म्हणाला, "खबरदार. पास झालो तर दर गुरुवारी काय कारण सांगून जाऊ?" आता तुम्हीच सांगा, तुम्ही त्याला तीनदा नापास केलंत त्याचा मी राग धरू, का तुमच्या पाया पडू?

राय्को : बाई, बसा. ऐका. मी ठराव मांडतो. खास बाब म्हणून. नियम दोन बाजूला ठेवू. लुद्विकला मरणोत्तर क्रमांक. चिलखत इथे, या हॉलमध्ये, काचेच्या कपाटात. आत दिवा. बाहेरून लोक येतील बघायला. ओट्टो तर रांगत येईल हॅम्बर्गहून.

स्लावका : कपाटात?

राय्को : धूळ बसणार नाही.

स्लावका : चार वर्षं तो बोळात चालायला शिकला, राय्को. कपाटात उभं राहायला नाही. ते मला परवा रस्त्यावर चालताना हवंय. नांगर ओढणारी सोंगं आणि अस्वलांची सोंगं यांच्यामध्ये तुमची रांग असते ना, तिथे. पोरं शेंगदाणे फेकतात, तिथे. कुठे आहे माझी सुरी?

राय्को : नाही! आता हे कापता येणार नाही!

स्लावका : अर्ध्या तासापूर्वी तूच म्हणालास, कापावं लागेल.

राय्को : तेव्हा मला माहीत नव्हतं! हे मूळ माणसाने स्वतःच्या मापाने... याची कोपरं म्हणजे...

स्लावका : आठ मिलिमीटर जास्त.

राय्को : ती आता संदर्भ आहेत!

तिंकारा : राय्को, जरा गप्प बस. मावशी, एक विचारू? तुम्हाला खरंच कापायचंय?

स्लावका : नाही गं. मुळीच नाही. याच्या छातीच्या पत्र्यावर आतून त्याने पेन्सिलीने लिहिलंय, "इथे स्लावकाने हात भाजून घेतला." ते कुठे जाईल कापल्यावर? पण तुमचा नियम दोन मला पटतो. रिकामं ते रिकामंच. दोन महिने मी त्या रिकाम्याशी बोलतेय स्वयंपाकघरात. बास झालं. कुणीतरी आत जायला हवं, आणि त्याच्यानंतर मीच आहे.

राय्को : ...ती सुरी नको.

स्लावका : राय्को—

राय्को : सुरीने प्लास्टिकची कड उचलते. माझ्याकडे बारीक दातांची करवत आहे. तिंकारा, पट्टी दे. आणि पेन्सिल. बाई, ताठ उभ्या राहा. ते लिहिलंय ना, त्याच्या दोन बोटं खालून रेघ मारतो. ते वाचेल.

(दुपार उलटून गेली आहे. हॉलमध्ये प्लास्टिकचा भुगा सगळीकडे; क्रोफचं ताट रिकामं.)

तिंकारा : हेल्मेट शेवटी. आधी खांदा. मावशी, हात वर. पोटरी टोचतेय?

स्लावका : बूट चावतायत. लुद्विकचे त्रेचाळीसचेच आहेत, पण माझा अडतीसचा पाय सरकून पुढे जातो. डाव्या पायावर दबकत चालावं लागतंय.

तिंकारा : राय्को, बघ, बघ! चाल!

राय्को : पाहिली. अर्जात नवीन नोंद करतो. परिधान करणारी, स्लावका. पात्र, तिसरा राखणदार... इथे आम्ही नेहमी कंसात 'नाव अज्ञात' लिहितो.

स्लावका : कुणाचं नाव?

राय्को : पात्राचं. मालिकेत त्याला नावच नाही. चाळीस वर्षं अकराशे चाळीस लोक 'नाव अज्ञात' लिहितायत. मी ते खोडतोय. पात्र, तिसरा राखणदार, कंसात लुद्विक. आता यापुढे जगात कुणीही हे चिलखत बनवलं, तर अर्जात त्याला हेच लिहावं लागेल. नियम तीन, एका ठिकाणी नोंदलं की सगळीकडे लागू.

स्लावका : जपानमध्येसुद्धा?

राय्को : जपानमध्येसुद्धा.

स्लावका : आणि लाल टाक्यांचं काय करणार आहेस? हवालदारकी जाणार तुझी.

राय्को : ते मी ओट्टोला सांगीन. हळूहळू. आधी तीन कौतुकं करीन.

तिंकारा : परवा पुढे कोण चालणार मग?

राय्को : हा काय प्रश्न आहे? बाई, वळा. बकल मी लावतो. उलटंच ना?

स्लावका : पुस्तकात काय लिहिलंय तुझ्या?

राय्को : उलटं.

स्लावका : मग लाव. अरे, मानेला गुदगुल्या होतात रे... आता कळलं मला तो का हसत होता.

तिंकारा : झालं! राय्को, तपास आता. अरे, पट्टी घेऊन दोनदा फिरलास त्यांच्याभोवती. काहीतरी बोल ना.

स्लावका : बोल बाबा. तीन कौतुकं कर, म्हणजे मला कळेल कुठे मोडायचंय.

राय्को : कौतुक काही नाही, बाई.

स्लावका : म्हणजे?

राय्को : दुरुस्तीच नाही.

स्लावका : ...परत म्हण.

राय्को : काही मोडायचं नाही. मंजूर.

स्लावका : चार वर्षं ऐकायचं होतं रे त्याला हे. आणि ऐकायचं नव्हतंही.

तिंकारा : मावशी, रडू नका, हेल्मेट आतून धुरकटतं. या, काढू या आता. मी तुमच्यासाठी एक क्रोफ लपवून ठेवलाय.

राय्को : थांबा, ओढू नका. ते बकल तुम्हाला एकटीला सुटणार नाही.

स्लावका : माहीत आहे. त्यालाही सुटलं नव्हतं.